क्यू आणि यू

"क्वीन!" पहिल्या बाकावरून आवाज आला. प्रमोदिनीबाईंनी शब्द फळ्यावर लिहिला.

"आता खिडकीकडची बाजू."

"क्विक, बाई!"

क्यू आणि यू ही अक्षरं लागोपाठ येतील असे इंग्रजी शब्द दोन्ही बाजूंनी आळीपाळीने सांगायचे. ज्यांचे शब्द आधी संपतील ते हरले. शब्द खरा असला की बाईंनी तो फळ्यावर लिहायचाच, हा खेळाचा कायदा. व्याकरण घोकून पेंगणाऱ्या पोरींसाठी बाईंनी तो स्वतःच काढला होता.

बेळगावातल्या या मुलींच्या शाळेत त्या तरुणपणीच लागल्या. नवरा लग्नानंतर लगेच प्लेगात गेला. धाकट्या भावाच्या, उपेंद्रच्या घरी राहायचं, वहिनीच्या हाताखाली स्वयंपाक उरकून शाळा गाठायची, आणि कुणाच्या अध्यातमध्यात पडायचं नाही, असं त्यांचं आयुष्य सरळ रेषेत चाललं होतं. शाळेतही त्यांचा आवाज खेळाच्या तासालाच काय तो ऐकू येई.

आज मागच्या बाजूला खुर्ची टाकून इन्स्पेक्टरसाहेब बसले होते. शेजारी मुख्याध्यापिका विद्युल्लताबाई. एका मुलीने 'मॉस्किटो' सांगितला तेव्हा साहेब चक्क हसले.

"वा! डासाच्या पोटातही निघाला म्हणायचा क्यू!"

मग खिडकीकडून यशोदा उभी राहिली. ही उचगावच्या मारुतीरावांची मुलगी, मामाकडे राहून शिकणारी. तिचा थोरला भाऊ ऑगस्टच्या चळवळीत धरला गेला होता आणि अजून हिंडलग्याच्या तुरुंगात होता.

"क्विट," ती म्हणाली.

मुलींनी माना वळवून साहेबांकडे पाहिलं. त्रेचाळीस सालचा जानेवारी होता. भिंतीवर 'क्विट इंडिया' लिहिलेलं दिसलं की पोलीस चुन्याची बादली घेऊन धावत, आणि लिहिणारा सापडला तर त्याची खैर नसे.

बाईंच्या हातात खडू होता. ऐकू आलं नाही असं दाखवून पुढच्या मुलीकडे वळता आलं असतं. विद्युल्लताबाई मागून डोळ्यांनी तेच विनवत होत्या. बाईंनी यशोदाकडे पाहिलं. ती अजून खाली बसली नव्हती.

बाई वळल्या आणि त्यांनी शब्द लिहिला. बाकीच्या शब्दांहून लहानही नाही, मोठाही नाही.

"पुसा तो," साहेब म्हणाले.

"शब्द बरोबर आहे, साहेब."

"मला इंग्रजी शिकवता? पुसा म्हणतो ना!"

"चुकीचा असता तर मीच पुसला असता." बाईंनी खडू खाली ठेवला. "कायदा मी मुलींना घालून दिलाय. त्यांच्यादेखत मीच कसा मोडू?"

साहेब ताडताड पुढे आले आणि डस्टर उचलून त्यांनी फळ्यावर फिरवलं. रागाच्या भरात शेजारची क्वीनसुद्धा पुसली गेली. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

शाळा सुटल्यावर विद्युल्लताबाईंनी बाईंना खोलीत बोलावलं.

"मुलीचं नाव शाळेतून काढायचं आणि तुम्ही माफी मागायची. एवढ्यावर साहेब मिटवतायत."

"मुलीने सांगितला, पण लिहिला मी. तिचं नाव राहू द्या."

"आणि माफी?"

"नाही मागणार."

"अहो, शाळेची ग्रँट जाईल! मी काय करू?"

"मला काढा. साहेबांना एक डोकं हवंच असेल, तर माझं द्या."

विद्युल्लताबाईंनी दुसऱ्या दिवशी तसंच केलं. साहेबांनीही मग ताणलं नाही. यशोदा वर्गात राहिली.

उपेंद्र कलेक्टर कचेरीत कारकून. तो घरी आला तोच घामाघूम होऊन.

"आक्का, कचेरीत सगळे माझ्याकडे बघतायत! जन्मात कुणाला उलटून बोलली नाहीस. आत्ताच कसं सुचलं?"

"साठलं होतं बहुतेक," बाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडू लागल्या.

पुढच्या रविवारी मारुतीराव लेकीला घेऊन दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच थांबले.

"बाई, पोर चुकली. साहेबाचं पाय धरंल ती. तुमची भाकरी जायला नगं."

"यशोदा, तुला काय वाटतं?"

यशोदाने बापाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "शब्द बरोबर हुता, बाई."

"मग पाय कशाला धरायचे?"

मारुतीरावांनी पटका सारखा केला. "एक पोरगं आत हाय, बाई. म्हून जीव घाबरतोय."

"हिला कुणी हात लावणार नाही. तेवढं मी बोलून आलेय."

"आन तुमचं काय?"

उपेंद्र आतल्या दाराशी उभा होता. प्रश्न ऐकताच तो आत निघून गेला; आपण या घरात राहिलो तर त्याची नोकरीही धोक्यात येईल, हे बाईंना कळलं.

"तुमच्या गावात एखादी खोली मिळेल का हो?" त्यांनी विचारलं.

मारुतीरावांनी आपल्या घराचा पुढचा सोपा त्यांना राहायला दिला. बाईंनी आजूबाजूच्या शाळांकडे अर्ज केले, पण त्यांचं नाव आधीच पोचलेलं असे. सोप्यावर गावातल्या पोरी शिकायला येऊ लागल्या. कुणी पायलीभर भात आणून देई, कुणी नुसतीच भाजी. तासाची घंटा, फळा, ओळीने मांडलेले बाक यांची आठवण आली की बाई उगाच अंगण झाडत.

आषाढात पोरी यायच्या बंद झाल्या. भाताची लावणी सुरू झाली होती. मारुतीरावांचा मुलगा सुटला नव्हता, त्यामुळे शेतात माणूस कमी. एका सकाळी बाईंनी पदर खोचला आणि त्या बांधावरून सरळ चिखलात उतरल्या. मारुतीरावांची बायको नागुबाई बघतच राहिली.

"अगं बया, तुमी कशाला? पाय भरत्याल!"

"भरू देत."

नागुबाई जरा सरकली. बाईंनी तिच्या शेजारी वाकून रोपांची जुडी सोडली. चिखलात बोटं रुतत होती, पाठीत कळ येत होती. बाकीच्या बायका रोपं लावत सरसर मागे सरकत गेल्या. बाईंनी मान वर करून पाहिलं, तर त्यांची ओळ भलतीकडेच गेलेली.

"वाकडं आलं गं माझं. उपटून पुन्हा लावू?"

"असू द्या, बाई," नागुबाई मान वर न करता म्हणाली. "भात वाकड्यातबी येतंय."

बाईंनी हाताच्या पाठीने कपाळ पुसलं आणि दुसरी जुडी उचलली.