भांचीचे पाय

लग्नानंतर तीन वर्षांनी भूमिकाचा भाऊ पहिल्यांदाच तिच्या घरी आला. बहिणीने मराठी मुलाशी लग्न केलं म्हणून गुलाबने तेव्हा लग्नात पाऊलही ठेवलं नव्हतं. आज तो तिच्या माहेरच्या गावाहून, उतईहून, मोटारसायकलवर, मागे नव्या तांदळाची थैली बांधून स्मृतिनगरात तिच्या दारी आला. भूमिका सकाळपासून फाटकाशी फेऱ्या मारत होती.

तिच्या सासूबाई, अंजनाबाई, हात जोडून "या भाऊ" म्हणाल्या. गुलाबने राम राम केला. मग सोफ्यावर बसलेल्या दोन वर्षांच्या भाचीसमोर, मोनासमोर, गुडघे टेकून त्याने तिच्या पायांकडे हात नेले.

"पाँव परत हँव, भांची."

अंजनाबाईंनी झडप घालून नातीला उचललं. "अवो भाऊ, हे काय करून राहिले! मोठ्या माणसानं लेकराच्या पाया पडलं तं लेकराचं आयुष्य कमी होते!"

गुलाबचे हात तसेच राहिले. मग तो उठला. "देख डारेंव तोला," बहिणीला म्हणाला, "जाथँव अब." तुला पाहिलं, आता निघतो, एवढंच सांगून तो चपला घालून बाहेर पडला.

भूमिका सासूकडे वळली. "आई, आमच्यात मामा भांचीच्या पाया पडतो. ती केवढीही असो. तुम्ही पडू नाही दिलं, म्हणजे त्याले मामाच नाही मानलं. आता तो परत नाही येत."

"मंग आधी कावून नाही सांगितलं?"

"हे काय सांगा लागते?"

बाहेर मोटारसायकलचा स्टँड वाजला. अंजनाबाई मोनाला घेऊन लगबगीने पायरीवर आल्या.

"थांबा भाऊ!"

त्यांनी नातीला पायरीवर बसवलं आणि तिचे लोकरी मोजे ओढून काढले. "मोज्यावरून कायच्या पाया पडता?"

गुलाबने हेल्मेट काढलं. या वेळी त्याने कपाळच टेकवलं. मोनाला गुदगुल्या झाल्या. तिने झाडलेला पाय मामाच्या नाकावर बसला.

"मार भांची, मार," नाक चोळत गुलाब हसला.

त्याने कपाळ टेकवल्यापासून अंजनाबाईंनी नातीच्या डोक्यावर हात धरून ठेवला होता. तिच्या आयुष्यासाठी ओठांतल्या ओठांत काहीतरी चाललं होतं.

"किती वेळा पडा लागते असं?" त्यांनी सुनेला हळूच विचारलं.

"आला की, दरवेळी."

"दरवेळी?" त्यांनी मोनाचे मोजे उचलून कमरेला खोचले. "बरं. मंग मी दरवेळी असा डोक्यावर हात ठेवीन. जा, ताट वाढ भावाचं."