परातीतलं बी

मुकुंदरावांनी मिरचीच्या बियांची पुरचुंडी गरम पाण्याच्या पातेल्यात सोडली आणि थर्मामीटरवर नजर रोखली.

"बी पेरायचंय का फोडणीला टाकायचंय?" थोरली बहीण अंबूताई दारातून म्हणाली.

"हसू नको, अक्का. गेल्या वर्षी काळे ठिपके पडून आपलं रान झडलं, तो रोग बियातच बसलाय. पाणी निवलं तर तो जगतो, फार तापलं तर बी मरतं."

"चालू दे बाबा तुझी डॉक्टरकी. देवळातली मूठ मी बघते."

संध्याकाळी केलगेरी गावच्या देवळात कीर्तन रंगलं. वाफे टाकण्याआधी घरटी मूठभर बी एका परातीत पडायचं. बुवा ते कालवून पुन्हा घरोघरी वाटायचे. त्या प्रसादाच्या बियानंच वाफ्याला सुरुवात. मुकुंदरावांना हा सोहळा जिवापाड प्यारा. परातीत पडल्यावर तुझं-माझं उरत नाही, असं ते दरवर्षी सगळ्यांना सांगत.

बुवांनी दोन्ही हात परातीत घालून बी खालवर केलं. टाळ टिपेला गेले. मुकुंदरावांचे डोळे भरून आले. टाळी वाजवतच ते बहिणीकडे वळले.

"आपली मूठ पडली ना?"

"पडली की. पहाटेच काढून ठेवली होती, तू पाणी तापवायच्या आधी. उकडलेलं बी देवाला चालतंय होय?"

मुकुंदरावांचे हात हवेतच राहिले.

"बुवा, थांबा!"

गजरात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मुकुंदरावांना भरून आलंय असं वाटून बुवांनी हसून पहिली मूठ त्यांच्याच ओंजळीत घातली. मागं रांग पुढं सरकत होती.

पायरीवर त्यांनी शेजारच्या नारायणाला गाठलं. धोतराच्या सोग्यात तो बी बांधत होता.

"नारायणा, ते पेरू नको. त्यात माझं रोगट बी गेलंय. माझ्याकडं आण, गरम पाण्यातून काढून देतो. सगळ्यांनाच सांग."

नारायण आधी हसला. मग त्यानं हात जोडले.

"अण्णा, प्रसाद कुणी उकळतं काय? आणि परातीत पडल्यावर तुमचं कुठलं, आमचं कुठलं?"

भोवतीच्यांनी माना डोलावल्या. एकेकाचा हात आपापल्या गाठीवर गेला, ती घट्ट आहे ना हे चाचपून आला, आणि माणसं आपापल्या रानांच्या वाटेला लागली.