सहा वाजून दहा मिनिटांनी

सलग चौथ्या दिवशी डिस्क बंद पडली तेव्हा आत्याने चष्मा काढून टेबलावर आपटला आणि समोरच्या काळ्या पेटीला विचारलं, "मी तुझं काय घोडं मारलंय?"

पेटी म्हणजे घरचा सर्व्हर. आत्या चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, सुपरवायझर म्हणून निवृत्त झाली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही. निवृत्तीनंतर स्वस्थ बसणं तिच्या कुंडलीत नव्हतं. तिने पुस्तकं वाचून, माहितीचे व्हिडिओ बघून, दोनदा शॉक खाऊन ही पेटी उभी केली आणि तिन्ही भावांच्या घरचे सगळे फोटो तिच्यात भरले. सातही भाचरांना एकेक खातं उघडून दिलं. आत दोन डिस्क, एकीवर जे लिहिलं जाईल ते दुसरीवरही. एक गेली तरी दुसरी असते, हे तिने कौटुंबिक ग्रुपवर इतक्या वेळा समजावून सांगितलं की शेवटी भाचरं तिला सर्व्हरआत्या म्हणायला लागली.

पहिले काही महिने पेटीवर वर्दळ होती. मग एकेकाची पावलं थांबली. कुणी कुणाला बोल लावावा! ज्याला त्याला आपापला संसार. आत्याने मात्र एक सोय करून ठेवली होती. रोज सकाळी चहाच्या वेळी पडद्यावर चार ओळी यायच्या, आदल्या दिवशी कोण आलं आणि किती वाजता. गेली दोन वर्षं त्या यादीत एकच नाव असायचं. धाकट्या भावाची मुलगी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.

आणि तिच्याशीच आत्याचा अबोला होता.

ही भाची अकराव्या वर्षापासून आत्याकडे वाढलेली. आई लहानपणीच गेली, बाप जहाजावर. आत्याने तिच्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसली, गणितात नापास झाली तेव्हा शाळेत जाऊन बाईंशी भांडली. पुढे भाची दूरच्या शहरात नोकरीला लागली. दोन वर्षांपूर्वी तिचा बाप आजारी पडून आत्याकडे आला तेव्हा तिची मोठी परीक्षा चालू होती. आत्याने तिला फोनवर सांगितलं, साधा ताप आहे. अकरा दिवस तेच सांगितलं. बाराव्या दिवशी खरं सांगितलं, आणि भाची पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

"तू कोण ठरवणारी?" भाची दारातच म्हणाली होती.

त्या वेळी आत्याने तिला जवळ घ्यायचं की नाही? पण हिच्या नाकावरही राग. म्हणाली, "ज्याला माझं पटत नाही त्याने माझ्या घरात पाऊल ठेवायचं कारण नाही." भाची तिसऱ्या दिवशी बॅग उचलून गेली. त्यानंतर फोन नाही, पत्र नाही, ग्रुपवरही ती गप्प.

पण रोज सहा दहाला ती पेटीत येत होती. भावाच्या शेवटच्या अकरा दिवसांचे फोटो आत्याने त्यातच ठेवले होते, तिच्यासाठीच. ती ते बघत असणार, हळूहळू तिचा राग निवळत असणार, आणि एक दिवस तिचा फोन येईल, अशी आत्याची खात्री होती. एवढ्या एका खात्रीवर बाई दोन वर्षं एकटी आनंदात राहिली होती. आता डिस्क पडायला लागली तसा तिचा जीव टांगणीला लागला. दुसरीही पडली की फोटो गेले, आणि फोटो गेले की पोरीला यायला कारणच उरलं नाही.

तिने जंग जंग पछाडलं. केबल बदलली. डिस्क काढून नवी घातली, तर नवीही पडली. दोन्ही डिस्कच्या जागा अदलाबदल केल्या, तर कालपर्यंत ठणठणीत असलेली पडली. म्हणजे डिस्क निर्दोष होत्या आणि खोट दुसरीकडेच होती. शेवटी तिने कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात फोन लावला. तिथल्या दुरुस्तीवाल्याला सगळे डॉक्टर म्हणत.

"ताई, एवढ्यात पेटीत नवीन काही घातलंत?" डॉक्टरने विचारलं.

"चार-पाच दिवसांपूर्वी नेटवर्कचं कार्ड. जुनं मेलं होतं."

"कुठे बसवलंत?"

"डिस्कच्या कार्डाशेजारी. तिथेच जागा होती."

"तिथेच माशी शिंकली बघा. त्या दोन खाचा आतून एकाच लाइनवर असतात. दोघं एकदम बोलायला लागले की एकाचा आवाज दबतो. डिस्क उत्तर देत नाही, मग पेटी म्हणते, गेली."

आत्याला हे लगेच उमगलं. एका लाइनवर दोन गिऱ्हाइकं आणि मग त्यांची भांडणं, यात तिची उमेदीची वर्षं गेली होती.

"डिस्क पडते किती वाजता?" डॉक्टर म्हणाला.

आत्याने बिघाड टिपून ठेवलेली वही उघडून वेळा वाचल्या. चारही दिवस, सहा वाजून दहा मिनिटांनी.

"त्या वेळी कुणीतरी ढिगाने फोटो ओढतंय. कोण येतं?"

"माझी भाची."

"मग तिला सांगा ना, दोन दिवस येऊ नकोस म्हणून. नाहीतर तिचं खातं तेवढं बंद ठेवा."

"ते जमायचं नाही," आत्या तुटकपणे म्हणाली. कार्डाची खाच बदला आणि एकदा पूर्ण नोंद वाचा, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

आत्याने पेटी बंद केली, कार्ड उपसून तळाच्या खाचेत बसवलं, पेटी पुन्हा सुरू केली. मग दुसऱ्या दिवशी सहा दहाची वाट बघत बसली. पडद्यावर भाचीचं नाव आलं, फोटो भराभर जायला लागले, आणि दोन्ही डिस्क जागच्या हलल्या नाहीत. आत्या खुर्चीतल्या खुर्चीत हसली. "बघ बाळा, बघ निवांत," ती मोठ्याने म्हणाली. घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं.

मग, डॉक्टरने सांगितलं होतं म्हणून, तिने पूर्ण नोंद उघडली. सकाळच्या चार ओळींत फक्त नाव आणि वेळ असायची. इथे कुठून आलं तेही होतं. बाहेरून येणाऱ्याचा पत्ता वेगळा दिसतो, घरातल्या यंत्राचा वेगळा. भाचीच्या नावापुढे घरातला पत्ता होता. आदल्या दिवशी घरातला. त्याच्या आदल्या दिवशीही. दोन वर्षं मागे गेली तरी तोच.

आत्या उठून भाचीच्या खोलीत गेली. खोली होती तशीच ठेवलेली, दर रविवारी झाडलेली. टेबलावर भाचीचा जुना टॅब होता, घाईत राहून गेलेला. ती येईल तेव्हा बंद पडलेला नको म्हणून आत्याने तो चार्जरला लावून ठेवला होता आणि दोन वर्षं त्याला हात लावला नव्हता. भाचीने कधीतरी त्यात रोजची वेळ लावून दिली असणार. संध्याकाळ झाली की तो आपला सगळे फोटो नव्याने ओढून घ्यायचा. सतत चार्जरवर राहून त्याची पाठ फुगून वर आली होती.

आत्याने चार्जर उपसला आणि पलंगावर बसली. जन्मभर फोन आला की तिने आधी विचारलं होतं, कुठून बोलताय? इथे मात्र नाव दिसलं आणि बाई भुलली. कुणी आलं नव्हतं. दोन वर्षांत एकदाही कुणी आलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि ते आवरायचं तिला काही कारण नव्हतं.

सात वाजता तिने तोंड धुतलं आणि फोन लावला.

"आत्या?" भाची घाबरली होती. "काय झालं? बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. सर्व्हर बिघडला होता. झाला नीट." जिभेवर दुसरंच होतं, पण तोंडातून हे निघालं. "तू... बघतेस का कधी फोटो?"

"मी कशी बघणार? तू माझं खातं बंद केलं असशील ना."

"मी कशाला बंद करू?"

"घरात पाऊल ठेवू नको म्हणालीस. मला वाटलं, सगळंच बंद. मी प्रयत्नच नाही केला." पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. "ठेवू? कामात आहे."

फोन बंद झाला. आत्या पेटीसमोर जाऊन बसली. दिवा लावायचंही तिला सुचलं नाही. आठच्या सुमाराला पडद्यावर एक ओळ आली, भाचीचं नाव, पासवर्ड चुकीचा. पत्ता बाहेरचा होता. मिनिटाभराने दुसरी ओळ, मग तिसरी. त्यानंतर काही आलं नाही. तीनदा चुकलं की दार आपोआप बंद व्हावं, असं आत्यानेच चोरांसाठी ठरवून ठेवलं होतं.

तिने ते दार उघडलं, भाचीला नवा पासवर्ड करून दिला आणि पुन्हा फोन लावला.

"उघडत नाहीये ना?"

"नाही." भाचीने पलीकडे दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "बाबांचे शेवटचे फोटो आहेत का गं त्यात?"

"आहेत. अकरा दिवसांचे. रोज तुझी चौकशी करायचा तो." आत्याने उठून दिवा लावला. "मी तुला बोलवायला हवं होतं. चुकलं माझं."

पलीकडे पेन शोधल्याची खुडबुड ऐकू आली.

"पासवर्ड सांग," भाची म्हणाली.

आत्याने एकेक अक्षर सावकाश सांगितलं, आणि भाचीने प्रत्येक अक्षर तिला परत म्हणून दाखवलं.