इंजिनावरचे चार ठिपके

मला सगळे संशयी म्हणतात. म्हणोत बापडे! भाजीवाल्याच्या तराजूखालचा चुंबक कोणी पकडला? मी. सोसायटीच्या टाकीचं पाणी गाडी धुवायला कोण चोरतो ते कोणी शोधलं? मीच. ठाण्याच्या कोपरीत एवढी वर्षं संसार केलाय तो काही डोळे मिटून नाही केला.

तर आमची एकुलती एक सान्वी घोडबंदर रोडला एका ऑफिसात नोकरी करते. तिने घरात सिद्धेशचं नाव काढलं, लग्न करीन तर याच्याशीच म्हणाली, आणि मी चौकशीला लागले. मुलगा डोंबिवलीचा. एमआयडीसीत स्वतःचं गॅरेज, आणि धंदा काय, तर गाड्यांची इंजिनं बदलून देणं. एका गाडीतलं काढायचं, दुसरीत बसवायचं. असल्या माणसाला पोरगी द्यायची? आमचे हे, महिपतराव, तर माझ्याहून मोठ्याने ओरडले, "इंजिनं बदलणारा जावई मला नको!" आणि पेपर तोंडापुढे धरून बसले. हे एरवी कशावरच ओरडत नाहीत. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

नेमकी त्याच सुमाराला आमची गाडी बसली. लाल रंगाची छोटी एसयूव्ही, डिझेलची, दहा वर्षांची. निळा धूर सोडायला लागली, ऑइल पाण्यासारखं प्यायला लागली. मी मनात म्हटलं, बरं झालं. गाडी सिद्धेशकडेच द्यायची. आमचं मूळचं इंजिन काढून त्याने भंगारातलं बसवलं, तर लग्नाचा विषय कायमचा बंद. आमचंच परत आलं, तर मी होकार देणार. हे फक्त ह्यांना सांगितलं. हे हसले. "तू? आणि होकार?" एवढंच म्हणाले.

सिद्धेश कोपरीला येऊन गाडी बघून गेला. बॉनेट उघडून बराच वेळ कान देऊन ऐकत बसला. मग वर येऊन चहा घेता घेता सांगायला लागला. "काकू, असं आहे. ॲक्सिडेंटमध्ये गेलेल्या याच मॉडेलचं इंजिन मिळतं, ते बसवून आरटीओत नोंद करून घ्यायची. दुसरं म्हणजे डिझेल काढून पेट्रोल टाकायचं, पण त्यात वायरिंग, कॉम्प्युटर, गिअरबॉक्स, सगळंच बदलत जातं, वर परवानगीची कटकट. हौशी लोक करतात. गाडी बॅटरीवर चालवायचं किटपण आलंय, पण तुम्ही कोकणात जाता, घाटात ते तुम्हाला पुरणार नाही."

"मग तू काय करणार?"

"काहीच बदलणार नाही. तुमचं इंजिन मुळात चांगलं आहे. खोलून आतले झिजलेले सिलिंडर बोअर करून गुळगुळीत करतो, पिस्टनच्या रिंगा नव्या टाकतो. अजून खूप वर्षं चालेल."

झालं! माझा संशय दुप्पट झाला. इंजिनं बदलणं ज्याचा धंदा, तोच म्हणतो बदलू नका? म्हणजे हॉटेलवाल्यानेच गिऱ्हाइकाला घरी जेवा म्हणण्यातला प्रकार. नक्की आमच्या इंजिनावर डोळा आहे याचा, असं मी धरून चालले.

पण माझ्याकडे खूण होती. दर दसऱ्याला मी बॉनेट उघडते, इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण काढते आणि आत बाजूला तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढते. बॉनेटवर सगळेच काढतात, पुसून जातं. आत मी एकटी काढते. घरच्यांशिवाय ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही. शिवाय इंजिनाच्या नंबरचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला. मग गाडी दिली.

रविवारी गाडी आणायला आम्ही तिघं डोंबिवलीला गेलो. माझ्या पिशवीत एका बाजूला उजेड मारून बघायची हातबॅटरी होती आणि दुसऱ्या बाजूला शाल आणि नारळ. दोन्ही तयारीनिशी गेलेले मी. खोटं कशाला बोलू, जाताना मनात नारळच जास्त होता. पोरगी किती दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती.

गॅरेजच्या दारातच सिद्धेश म्हणाला, "या बाबा, बसा."

बाबा? कोपरीला आलेला तेव्हा तर "काका, काका" चाललेलं! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याकडे बघत होते.

"झाकण काढ," मी म्हटलं. त्याने काढलं. मी बॅटरी मारली. स्वस्तिक होतं. पण लालभडक, ताजं. माझं तर दहा दसऱ्यांच्या थरांनी तपकिरी झालेलं. आणि याच्या चार घरांत चार ठिपके! आमच्या माहेरी ठिपके देत नाहीत, मी आयुष्यात कधी दिले नाहीत.

"इंजिन बदललंय!" मी ओरडलेच. "वर माझ्या खुणेची नक्कल केलीय! सान्वी, बघ, बघ तुझा हा साळसूद!"

"आई, नंबर बघ आधी," सान्वी म्हणाली.

नंबर बघितला. मोबाइलशी एकेक आकडा ताडून पाहिला, नखाने खरवडून पाहिला. तोच. जुना, गंजाच्या डागासकट. इंजिन आमचंच होतं.

"धुताना जुनं कुंकू गेलं, काकू," सिद्धेश हळूच म्हणाला. "म्हणून मी परत काढलं."

"तू? जागा तुला कोणी सांगितली?"

त्याने सान्वीकडे पाहिलं. मी परत वाकून बघितलं. आणि ते ठिपके ओळखले मी. दर दिवाळीला मी उंबऱ्यावर स्वस्तिक काढते, आणि माझ्या मागून एक माणूस येऊन बोटाने चार ठिपके देतो, शेवटचा नेहमी मोठा. इथेही शेवटचा मोठा होता.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही इथे कधी आलेलात?"

मीच आठवलं. गुरुवारी हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बँकेत गेलेले, ते संध्याकाळी उगवले. गुरुवारीच सान्वीला ऑफिसात उशीर झालेला.

"गुरुवारी काय होतं?"

सान्वी रडायला लागली. "आई, आम्ही लग्न केलं. ठाण्यात, रजिस्टर. तिथून सरळ इथे आलो. दुरुस्तीनंतर इंजिन त्याच दिवशी पहिल्यांदा चालू करायचं होतं. ते स्वस्तिक मी काढलं. ताटातलं कुंकू उरलेलं."

"आणि ठिपके ह्यांनी दिले."

"साक्षीदार तीन लागतात," हे पुटपुटले. "हिची मैत्रीण, गॅरेजमधला कमलेश, आणि मी."

रजिस्टर लग्नाची नोटीस महिनाभर ऑफिसच्या बोर्डावर लागते. महिनाभर माझ्या पोरीचं नाव ठाण्यात भिंतीवर टांगलेलं होतं, येणाराजाणारा वाचत होता. आणि मी बॅटरी घेऊन इंजिनात शोधत होते.

"मी आज होकार द्यायला आलेले," मी म्हटलं आणि पिशवीतली शाल काढून दाखवली. "ह्यांना विचार. सांगितलेलं मी ह्यांना."

"मला खरं वाटलं नाही गं," हे म्हणाले.

राग कोणाचा करू तेच समजेना. "चौथा साक्षीदार चालला नसता का रे तुम्हाला? मी कोपऱ्यात उभी राहिले असते."

"तू आधी रजिस्ट्रारचं ओळखपत्र मागितलं असतंस," हे म्हणाले.

सिद्धेशला हसू आवरेना. सान्वी रडता रडता हसली. मला काही हसू आलं नाही. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि पदर डोळ्यांना लावला, चांगली रडले. शेवटी सिद्धेशने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाला, "आई, घ्या."

घेतला. प्यायले. मग उठले, त्याच्या खांद्यावर शाल टाकली आणि गाडीच्या चाकापुढे नारळ फोडला. एक तुकडा जावयाच्या हातावर ठेवायच्या आधी चावून बघितला, खवट नाही ना ते.