गाळलेली मात्रा

इंग्लंडातल्या वॉल्सॉलच्या 'कॉपर बिशप' या रॉक बँडमध्ये बेस गिटारवाले काही टिकत नसत. गिटारवाला लेन बेडोज हा बँडचा धनी, आणि त्याचा एक नियम होता. जाणाऱ्यानं येणाऱ्याला सगळी गाणी शिकवायची, मगच घरी जायचं. हाकललेल्या माणसाकडून असली अपेक्षा ठेवायला गेंड्याची कातडी लागते. लेनकडे ती होती.

क्लिफर्ड टाँक्स हा तिसरा बेसवाला. दोन वर्षं त्यानं बेस वाजवली, वर बँडची गाडीही चालवली. मग एका मंगळवारी लेननं त्याला सांगितलं की तुझं वाजवणं जुनाट झालंय. जागेवर आला डडलीचा मर्विन पील, अबोल आणि सरळमार्गी. क्लिफर्डनं अकरा गाणी त्याला नीट शिकवली. बारावं नवं होतं, अजून रेकॉर्ड व्हायचं होतं, आणि त्यातली बेसची सुरावट क्लिफर्डनं स्वतः बसवलेली. चार स्वर, सलग खाली उतरणारे. इथं त्याचं डोकं फिरलं. त्यानं मर्विनला सांगितलं की तिसऱ्या स्वरानंतर एक मात्रा गप्प राहायचं. ड्रमशी टक्कर होईल, लेन भडकेल आणि हा गडी तोंडावर आपटेल, असा त्याचा बेत. मर्विननं ते वहीत लिहून घेतलं आणि आभार मानले.

पण करायला गेला गणपती आणि झाला मारुती. ड्रमवाल्यानंही ती मात्रा सोडून दिली, रेकॉर्ड निघाली, आणि लोक नेमके त्या गप्प जागी टाळी मारायला लागले. क्लिफर्ड तोवर विलनहॉलच्या कुलपांच्या कारखान्यात परतला होता. तिथल्या रेडिओवर गाणं लागलं की कामगार त्या मात्रेला बाकावर कानस आपटायचे. क्लिफर्ड खाली मान घालून किल्ल्या घासायचा.

अकरा महिन्यांनी लेनचा फोन आला. मर्विनची बायको पोटुशी होती, तो जर्मनीच्या दौऱ्याला नाही म्हणत होता. तू येतोस का, पण रेकॉर्डवर आहे तस्संच वाजवायचं. लेनचं बोलणं संपायच्या आत क्लिफर्ड हो म्हणून मोकळा झाला. या फोनची त्यानं रोज वाट पाहिली होती.

रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये मर्विन नियमाप्रमाणे शिकवायला हजर होता. अकरा गाणी सुरळीत झाली. बाराव्याला क्लिफर्डची बोटं जुन्या सवयीनं सलग खाली उतरली. एकदा, दोनदा, तीनदा.

लेन दारातून म्हणाला, "ज्याला-त्याला येणारं गाणं तुला येईना होय? आणखी एकदा चुकलास तर वेन्सबरीच्या एका बेसवाल्याला बोलावतो."

ती गप्प मात्रा मुळात कुणाची खोडी, हे क्लिफर्डला सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर जर्मनी गेलीच म्हणायची. त्यानं पुन्हा पहिल्या स्वरावर बोट ठेवलं.

मर्विननं लेनला चहा पिऊन यायला बाहेर धाडलं. खुर्ची जवळ ओढली आणि क्लिफर्डच्या गुडघ्यावर बोटानं ठेका धरला.

"घाई करू नकोस, क्लिफ. मलाही जमत नव्हतं हे. तू चार वेळा करून घेतलंस माझ्याकडून, आठवतंय? तुला काढलेलं होतं, तरी. दुसरा कुणी असता तर एवढा वेळ दिला नसता. घरी बायकोला पण सांगितलं मी."

क्लिफर्डचे कान तापले. आयुष्यात त्याला कधी इतकी लाज वाटली नव्हती.

"मर्विन, ते तेव्हा मी तुला..."

"बोलू नकोस, मोज. हां, इथं थांब."

क्लिफर्ड थांबला. मात्रा गेली, मग चौथा स्वर आला.

"आता बरोबर," मर्विन म्हणाला. "हं, काय सांगत होतास?"

"काही नाही," क्लिफर्ड म्हणाला. "परत एकदा घेऊ."