पांढरं घेतलं का?

ओळखीचे सगळे त्याला मिलीमीटर म्हणत. नाव बायकोनं ठेवलं होतं. भिंतीवर घड्याळ टांगताना त्यानं एकदा लेव्हल लावून पाहिली, तेव्हा ती म्हणाली, "अहो मिलीमीटर, वेळ कळली म्हणजे झालं." ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्याचा धंदाच तसा होता. इमारती, जुने नकाशे, भिंतींवरची चित्रं यांचे मोजूनमापून फोटो काढायचे. त्याचा टेक्निकल कॅमेरा म्हणजे पुढे लेन्स, मागे फोटो टिपणारी डिजिटल बॅक आणि मधे एक धातूची चौकट. सगळं स्क्रू फिरवून हातानं सरकवायचं. लेन्स जागची न हलवता मागची बॅक डावी-उजवीकडे सरकवली, की अरुंद खोलीतूनही अख्खी भिंत सरळ रेषेत मिळते. फक्त एक गोम आहे. बॅक कडेला गेली की रंग बिघडतात, कुठे हिरवट झाक येते तर कुठे गुलाबी. म्हणून प्रत्येक फोटोनंतर, काहीही न हलवता, लेन्ससमोर दुधी प्लॅस्टिकची पाटी धरून आणखी एक फोटो घ्यायचा. नुसता पांढरा. त्या पांढऱ्यावरून कॉम्प्युटर बिघाड ओळखतो आणि खऱ्या फोटोतून काढून टाकतो.

पाटी धरायचं काम बायकोचं. शटर वाजलं की ती म्हणायची, "पांढरं." पाटी धरायची, मग वहीत लिहायची, कुठली लेन्स, किती मिलीमीटर सरकवलं. अठरा वर्षं हेच चाललं. तोही तिला अठरा वर्षं एकच गोष्ट ऐकवत आला, "बोट आलं." पाटीच्या कडेवरून तिचं बोट आत डोकावायचंच.

"माझंच बोट आहे, वाघाचं नाही," ती म्हणायची आणि पुन्हा धरायची.

ती गेली त्याला सात महिने झाले होते. तेवढ्या काळात त्यानं कॅमेऱ्याची पेटी उघडली नव्हती. विकायचंच ठरवलं होतं, गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. मग वाचनालयाचं काम आलं. वाचनालयाच्या वाचनखोलीत एक अख्खी भिंत हातानं रंगवलेल्या निळ्या टाइल्सची होती. मागून ओल आल्यामुळे सगळ्या टाइल्स काढून, धुऊन पुन्हा लावायच्या होत्या.

"एवढं एक काम करा, भावोजी," मेहुणी म्हणाली. ती बायकोची धाकटी बहीण. दर सोमवारी येऊन तो जेवतो की नाही ते बघायची. "नाही जमलं तर खुशाल विका. मी तोंडातून ब्र काढणार नाही."

"तू? ब्र काढणार नाहीस?"

"एक दिवस तरी."

शनिवारी तो एकटाच गेला. टाइल्स काढणारा मिस्त्री आधीच येऊन भिंत ठोकून बघत होता.

"साहेब, तुमच्या फोटोवर सगळी मदार आहे," मिस्त्री म्हणाला. "मागे नंबर टाकतो मी, पण चुना खरवडताना निम्मे जातात. आणि हे निळं नीट बघा. लांबून एकच वाटतं, पण बारा तऱ्हेचं आहे. फोटोत निळं चुकलं की भिंत कायमची चुकली."

मिलीमीटरनं तिवई लावली, लेव्हल बघितली. डावीकडचा फोटो घेतला, मधला घेतला, उजवीकडचा घेतला. बॅकच्या इवल्या पडद्यावर रंग कळत नाहीत, पण मोठं करून बघितलं तर टाइल्समधल्या रेघा सुतासारख्या सरळ. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं. सगळे स्क्रू शून्यावर आणून त्यानं कॅमेरा पेटीत ठेवला आणि घरी आला.

रविवारी त्यानं कॉम्प्युटर लावला नाही. कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या होत्या.

सोमवारी सकाळी लावला. डावीकडची भिंत हिरवट, उजवीकडची गुलाबी. बारातलं एकही निळं खरं नव्हतं. पांढरं घेतलेलंच नव्हतं. "पांढरं" म्हणणारं कोणी नव्हतं, आणि त्याच्या एकट्याच्या डोक्यात ते आलंच नाही.

त्यानं फोन लावला. "मिस्त्री, थांबा! हात लावू नका भिंतीला!"

"अहो, आता सांगताय? डावी बाजू निघालीसुद्धा. सगळी पाण्यात आहे."

"बाकीची तशीच राहू द्या. उद्या सकाळी येतो मी."

"फोटो चांगले आलेत ना, साहेब?"

त्यानं फोन ठेवला.

मेहुणी आली तेव्हा तो कॉम्प्युटरपुढे बसून होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली, जमिनीवर ठेवली आणि बसली.

"मग पांढरं आता घ्या की. कॅमेरा आहे, पाटी आहे."

"बॅक जेवढी सरकवली होती तेवढीच सरकवून घ्यावं लागतं. किती सरकवली ते मी लिहिलं नाही. नुसतं डोळ्यानं बघून चौकट जमवली आणि नंतर सगळं शून्यावर आणलं."

"फोटोत नाही येत ते?"

"सगळं हातानं सरकवतो आपण. त्या बॅकला काय कळणार?"

"ताई कुठे लिहायची?"

वही पेटीच्या झाकणात, पाटीमागे होती. मेहुणीनं शेवटची पानं उघडली आणि गप्प झाली. तिचं गप्प होणं इतकं नवलाचं होतं, की त्यानं वळून पाहिलं.

पानाच्या वर बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं, "मिलीमीटर विसरतील म्हणून." खाली रकाने आखलेले. प्रत्येक लेन्स, डावीकडे दोन, चार, सहा, आठ असं वीस मिलीमीटरपर्यंत, उजवीकडेही तसंच, आणि प्रत्येकापुढे त्या पांढऱ्याच्या फाइलचा नंबर.

त्याला ते दिवस आठवले. आजारपणात ती खिडकीशी बसून तासन्‌तास कॅमेऱ्याशी खुडबुड करायची. तो तिच्यावर करवादला होता. "उगाच शटर झिजवतेस." ती फक्त हसली होती.

फाइली जिथे लिहिल्या होत्या तिथेच मिळाल्या. तो डावीकडच्या फोटोला एकेक पांढरं लावून बघू लागला. आठ मिलीमीटरला हिरवट झाक तशीच राहिली. दहाला थोडी कमी झाली.

"बारा लावा," मेहुणी म्हणाली. ती आता खुर्चीच्या कडेवर आली होती.

बाराला आणखी कमी झाली. चौदा लावलं आणि भिंत एकदम स्वच्छ झाली. फिकं निळं, गडद निळं, राखाडीकडे झुकलेलं निळं, सगळी आपापल्या जागी दिसली. सोळा लावून बघितलं तर उलटी गुलाबी झाक आली. म्हणजे चौदाच.

तो परत चौदावर आला. खालच्या कोपऱ्यात, दोन टाइल्सवर, एक उजळ डाग होता. लांबट, कडांना विरलेला. पांढऱ्यात सावली पडली की खऱ्या फोटोत ती अशी उजळ होऊन येते.

"बोट आलं," तो सवयीनं म्हणाला.

मग त्यानं तो डाग मोठा करून बघितला. घरात बायकोचे फोटो फार नव्हतेच. तो भिंतींचे काढायचा.

शेवटी मेहुणीनं पदरानं नाक पुसलं. "आता या दोन टाइल्सचं काय? मिस्त्री ओरडेल."

"आता आकडा कळलाय. याच लेन्सला चौदावर नवं पांढरं घेतलं की झालं." तो उठला. "ये इकडे, पाटी धर."

"मी?"

"मग कोण? सरळ धर. लेन्सला चिकटवून. हलू नकोस."

खिडकीशी कॅमेरा लावला. चौदा मिलीमीटर त्यानं दोनदा तपासलं. शटर वाजलं. दोघंही पडद्यावर वाकले. वरच्या कोपऱ्यात जाडजूड सावली होती.

"बोट!" तो ओरडला.

"मग? एका आईच्या पोटच्या आहोत आम्ही."

तो हसला. सात महिन्यांत पहिल्यांदा. तिसऱ्या खेपेला स्वच्छ पांढरं मिळालं. त्यानं वही घेतली आणि बायकोच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं, "डावीकडे १४." तिच्या अक्षराखाली त्याचं अक्षर फार गिचमिड दिसत होतं. बोटाचा डाग असलेला फोटो त्यानं वेगळा ठेवला.

संध्याकाळी कॅमेऱ्याच्या गिऱ्हाइकाला त्यानं फोन केला. "विकायचा नाही," एवढंच सांगितलं.

मंगळवारी तो वाचनालयात गेला. मिस्त्रीला डावीकडचा फोटो दाखवला. मिस्त्रीनं पाण्यातली एक टाइल काढून फोटोशेजारी धरली, मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली. "हेच," तो म्हणाला. "हेच निळं."

मग उभ्या असलेल्या भिंतीसमोर मिलीमीटरनं पुन्हा तिवई लावली, बॅक उजवीकडे सरकवली आणि आकडा आधी वहीत लिहिला. शटर वाजलं.

"पांढरं," तो मोठ्यानं म्हणाला.

शिडीवरून मिस्त्रीनं खाली पाहिलं. "काय म्हणालात?"

"जरा खाली या, मिस्त्री. ही पाटी धरायची आहे. आणि बोट बाहेर ठेवा."