आष्टीला पडलेली पत्री

लढाईचे दिवस होते. बदनापूर स्टेशनामागच्या माळावर सरकारने वारा मोजायची एक चौकी थाटली होती. मच्छिंद्र तिथे रोज सकाळी गॅसचा फुगा सोडी आणि दुर्बिणीतून त्याचा माग काढी. फुगा मिनिटाला किती चढतो हे ठरलेलं. दुर्बिणीच्या कोनावरून वरचा वारा कुठे नि किती ते निघे. तो आकडा विमानवाल्यांसाठी तारेने हैदराबादला जाई.

पौषातल्या एका सकाळी खाली पान हलत नव्हतं, आणि सहा मैल उंचीवर फुगा पूर्वेला असा पळाला की मच्छिंद्रने हिशेब तीनदा केला. ताशी एकशे तीस मैल! पुढे आठवडाभर तेच. दक्षिणेची तापलेली हवा वर चढून उत्तरेच्या गारठ्याकडे निघत असेल, पृथ्वीच्या फिरण्याने पूर्वेला वळत असेल, आणि दोन्हींच्या शिवेवर नदीसारखी धावत असेल, असं त्याला वाटे. त्या नदीत शिरून पश्चिमेला निघालेल्या विमानाचं पेट्रोल अर्ध्या वाटेतच संपायचं. आत बसलेल्यांना हे कळायला हवं, एवढाच त्याच्या जिवाला घोर.

हैदराबादहून तपासनीस काकासाहेब आले. वही चाळून त्यांनी ठरवून टाकलं की फुगा गळका असणार. वर चढलाच नाही म्हणून कोन खाली आला, आणि हिशेबात वारा जोराचा निघाला.

"का घरी बसून आकडे लिहून राह्यला तू?" त्यांनी हसत विचारलं.

मच्छिंद्रने हात जोडून उंची टिपणारी पेटी मागितली. काकासाहेबांनी ती दिली, पण अट घातली. पेटीतली सुई चांदीच्या पत्रीवर उंचीची रेघ ओढते, ती सहा मैलांपर्यंत गेली तर आकडे खरे. नाही तर 'फुगा गळका होता' असं लिहून सही करायची, किंवा नोकरी सोडायची. नुसती पेटी लांब सापडून उपयोग नाही. गळका फुगाही ती घेऊन दिवसभर तरंगत कुठेही जाईल, हेही बजावलं.

फुग्याला बांधून पेटी गेली; फुगा फुटला की ती पडेल तिथून कळवावं म्हणून वर चौकीचा पत्ता लिहिला होता. चौथ्या दिवशी आष्टीहून सांगावा आला की कपाशीत सापडली. मच्छिंद्र परतूरपर्यंत रेल्वेने आणि तिथून पायी गेला.

पेटी देवळात होती. तीस वर्षं देवाची भांडी घासणाऱ्या चतुराबाईंना ती सापडली होती. कीर्तनात वैकुंठाहून येणाऱ्या विमानाचं त्यांनी किती वेळा डोळे पुसत ऐकलेलं. हा त्याचाच तुकडा, अशी त्यांची खात्री. वेताची चौकट बाजूला काढून आतली तिकिटाएवढी चांदीची पत्री त्यांनी विठोबाच्या पायाशी ठेवली होती, वर तुळशीचं पान.

मच्छिंद्रने पत्री उचलून उन्हात धरली. चांदीवर सुईने ओढलेली, केसाहून बारीक रेघ हवी होती. त्याला त्यात आपलाच डोळा दिसला.

"लई ओरखडे होते बाबा तिच्यावर," चतुराबाई म्हणाल्या. "देवापुढं तशी कशी ठेवू? चिंच लावली, राख लावली. दोन दिवस घासून राह्यले, तवा कुठं गेले." मग जरा घाबरून, "बराबर केलं ना मी?"

त्यांची बोटं राखेने फुटली होती. मच्छिंद्रने पत्री एकदा उलटून पाहिली.

"बिलकुल बराबर, मावशी," तो म्हणाला आणि पत्री परत पायाशी ठेवली. विठोबाला हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना.

घरी म्हातारे आईबाप, तीन लेकरं. बदनापूरला येऊन त्याने काकासाहेबांसमोर सही केली. काकासाहेब वाईट माणूस नव्हते. चांगला फुगा देतो म्हणाले. हैदराबादला तार गेली: वर वारा मंद.

दुसऱ्या सकाळी नवा फुगा सुटला. दोन मैलांवर तो पूर्वेला कलला आणि वेग घेऊ लागला. मच्छिंद्रने दुर्बिणीवरचा डोळा काढला. फुगा वर अजून साफ दिसत होता, पण त्याने पुन्हा पाहिलं नाही. खाली बसून उरलेल्या चार मैलांचे आकडे मनानेच लिहिले. मंद, मंद, मंद, मंद.